आखूडराव

तीन बहिणींतली ती मधली. घरात सगळे तिला मधलीच म्हणत. पुढे तिने ढीगभर शिक्षण घेतलं, नावाआधी डॉक्टर लावलं, नाकावर जाड भिंगं चढवली, पण ते मधलेपण काही सुटलं नाही. पाचवीला पुजलेलं असतं ते असं.

तिच्या शोधनिबंधांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. साठ भरतात. सरकवता सरकवता बोट दुखतं. माणसाचं मन का बिघडतं आणि ते बिघडणं रक्तातून येतं का, हा विषय. निम्मं मानसशास्त्र, निम्मं जनुकशास्त्र. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई मोठी! पण जवळ जाऊन एकेक ओळ वाचली की दिसतं, साठच्या साठ निबंधांत तिचं नाव मधेच कुठेतरी आहे.

या धंद्यात नावांच्या रांगेला फार महत्त्व. पहिलं नाव ज्याने काम केलं त्याचं, निदान तसं म्हणायची पद्धत आहे. शेवटचं नाव ज्याची प्रयोगशाळा त्याचं. आणि मधली नावं म्हणजे बसमधले उभे प्रवासी. तिकीट त्यांनीही काढलेलं असतं, बसायला मात्र मिळत नाही. पुढे कुणी त्या निबंधाचा दाखला दिला की पहिलं नाव लिहायचं आणि पुढे 'आणि इतर' म्हणून मोकळं व्हायचं. मधली तीस वर्षं 'इतर' होती.

शेवटचं नाव कायम सरांचं. सरांचं बोलणं एकदा ऐकलं की कानातून काढता येत नाही. ते प्रत्येक वाक्य दोनदा सुरू करायचे आणि एकदाही संपवायचे नाहीत. "म्हणजे बघा... म्हणजे असं बघा, आपण जर का ते दुसऱ्या बाजूने... समजलात ना?" समोरचा मान डोलवायचा. सरांना वाटायचं वाक्य पूर्ण झालं.

सरांचं सगळं राज्य एका जनुकावर उभं होतं. त्याचे प्रकार दोन, एक लांब आणि एक आखूड. प्रत्येकाला एक आईकडून मिळतं, एक बापाकडून. सरांचं म्हणणं असं, की ज्याच्या वाट्याला दोन्ही आखूड आली त्याला आयुष्याचे तडाखे झेपत नाहीत. नोकरी जाते, माणूस जातं, घर मोडतं. लांबवाला रडून-भेकून पुन्हा उभा राहतो, आखूडवाला उदासीच्या गाळात रुतून बसतो. पहिला निबंध दोनेकशे माणसांवर केलेला होता, आणि त्यात हे सगळं आरशासारखं स्वच्छ दिसलं होतं. सर रातोरात मोठे झाले.

त्या दोनेकशे माणसांच्या घरी जाऊन प्रश्न विचारले होते ते मधलीने. जिने चढायचे, दार वाजवायचं, खुर्चीच्या कडेवर बसायचं आणि एकाच संथ आवाजात विचारायचं, "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला कशातच रस वाटला नाही, असं कितीदा झालं? अजिबात नाही, काही दिवस, बरेच दिवस, की जवळजवळ रोज?"

"रस?" एक कारखान्यातली बाई म्हणाली होती, "अहो, दोन पाळ्या करून आल्यावर मला झोपेतही रस नसतो. कुठल्या चौकटीत बसतं ते बघा तुम्हीच."

एक म्हातारा दाराकडे बघत कुजबुजला होता, "जवळजवळ रोज लिहा. पण आत ती आहे, तिला ऐकू जाईल असं वाचू नका."

असली उत्तरं मधली घरी येऊन, आवाज काढून, ताईला ऐकवायची. निबंधात त्यांना जागा नसे. तिथे फक्त चौकट जायची.

ताई म्हणजे थोरली. (धाकटी लग्न करून दूर गेली, ती या गोष्टीत येत नाही.) ताई आणि दाजी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. दाजी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारखिडकीवर होते. जन्म त्या खिडकीत गेल्यामुळे माणूस घरीही तसाच बोलायचा. कुणी काही सांगू लागलं की हात वर करून म्हणायचे, "तक्रार काय आहे, एका वाक्यात सांगा."

आणि ताईला तेच सांगता येईना. तिला झालं काहीच नव्हतं. ना कुणी गेलं, ना काही मोडलं. एका साध्यासुध्या सकाळी ती उठली नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. मग आठवडेच्या आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. मधेच महिनाभर बरी व्हायची, खिडक्या पुसायची, दाजींच्या नकला करून मधलीला पोट धरून हसवायची. की पुन्हा भिंत.

प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं तेव्हा त्यावर हात बसवायला सगळ्यांनी आपापल्या घरच्यांचं रक्त आणलं होतं. नियमात बसत नसलं तरी तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं. मधलीने ताईचं आणलं. पट्टीवर रेघा उमटल्या तेव्हा तिने चष्मा पुसला. पुन्हा करून बघितलं. दोन्ही लांब.

तिच्या ओळखीतलं सगळ्यात रुतलेलं माणूस, आणि त्याची दोन्ही लांब.

ती सरांकडे गेली. सर हसले. "म्हणजे बघा... म्हणजे असं बघा, एका माणसावरून काही..." त्यांनी हवेत हात उडवला. मधलीने मान डोलवली. खोटं नव्हतंच ते. एका माणसावरून खरंच काही ठरत नाही.

त्याच रविवारी ती ताईकडे गेली तेव्हा दाजींचा आवाज बाहेरच्या फाटकापर्यंत येत होता. "हात आहेत, पाय आहेत, ताप नाही, खोकला नाही! धडधाकट बाई! सोंग किती दिवस करायचं? काय तक्रार आहे, एका वाक्यात सांग, एका वाक्यात!" ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या खांद्यावरची शाल प्रत्येक शब्दाला थोडी आत ओढली जात होती.

मधली दारात उभी राहिली. आणि ज्या संथ आवाजात ती प्रश्न विचारायची त्याच आवाजात म्हणाली, "दाजी, तिच्या रक्तात आहे ते. आम्ही तपासलंय. दोन्ही आखूड आहेत."

आयुष्यात तिने एकच आकडा खोटा सांगितला, तो हा.

दाजींचा वर गेलेला हात तसाच राहिला. "म्हणजे... मुद्दाम करत नाही ती?"

"नाही."

"आणि हे कागदावर आहे? छापील?"

"छापून येणार आहे."

छापील म्हटल्यावर दाजी निवले. कचेरीतल्या माणसाला छापील कागदापुढे बोलता येत नाही. पुढे वर्तमानपत्रात 'उदासीचं जनुक सापडलं' म्हणून बातमी आली, तेव्हा त्यांनी ती कापली, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवून आणली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवली. त्या दिवसापासून ताईच्या वाटेला पुन्हा कुणी गेलं नाही. शिव्या द्यायला दाजींना हक्काचं दुसरंच कुणी मिळालं होतं.

"काय आखूडराव," रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते खोलीच्या दारात उभे राहायचे, "आज हिला सोडताय, की पुन्हा वरच्या साहेबांची सही आणू?"

शालीतून आवाज यायचा, "आज नाही म्हणतायत."

"काय माणूस आहे! भाडं नाही, पागडी नाही, येऊन बसलाय आपला." आणि कप उशाशी ठेवून ते जायचे.

बऱ्या दिवसांत आखूडराव रजेवर असायचे. वाईट दिवसांत आखूडरावांची पाळी लांबलेली असायची. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांशी त्यांची ओळख करून दिलेली होती. कुणी ताईला म्हणालं की "अगं जरा बाहेर पडत जा, मन रमव," की दाजीच मधे पडायचे. "तिला काय सांगता? आखूडरावांना सांगा. रक्तातली गोष्ट आहे ती, छापून आलंय." वीस वर्षं असा संसार चालला. दोघांचा नव्हे, तिघांचा.

आणि मधलीची यादी वाढत गेली. आखूड आणि नोकरी जाणं, आखूड आणि घटस्फोट, आखूड आणि परीक्षा, आखूड आणि प्रसूती. कधी निकाल बाजूने लागायचा, कधी नुसत्या पुरुषांत लागायचा, कधी नुसत्या चाळिशीच्या आतल्या बायकांत. कुठे ना कुठे लागायचाच. शोधणाऱ्याला सापडतं. ताईची ती पट्टी मात्र मधलीच्या मनात खड्यासारखी टोचत राहायची. टोचली की ती स्वतःलाच सरांचा हात उडवून दाखवायची.

मग वारं फिरलं. लोक म्हणायला लागले, दोनेकशे माणसांत काय दिसणार? लाखोंनी माणसं मोजा. ज्यांना वारं आधी कळतं ते हुशार विद्यार्थी सरांना सोडून दुसरे विषय धरून बसले. एक नवी पद्धतही आली होती. काय मोजणार, कसं मोजणार, कुठल्या निकालाला होकार म्हणणार, सगळं आधी लिहून नियतकालिकाला द्यायचं. त्यांना पटलं तर ते निकालाआधीच छापायचं कबूल करतात. मग निकाल काहीही लागो. नंतर 'चाळिशीच्या आतल्या बायका' शोधत बसायचं नाही.

मधलीने सुचवलं, आपण असंच करू. पाच प्रयोगशाळांचे नमुने एकत्र करू, एकदाचा सोक्षमोक्ष लावू.

"म्हणजे बघा... म्हणजे आपल्याला भीती कसली, आपण तर..." सर म्हणाले. ते आता निवृत्त होते, पण कोपऱ्यातली खोली आणि शेवटचं नाव अजून त्यांचंच होतं. "पहिलं नाव तुम्हीच... म्हणजे आता दुसरं आहेच कोण... तुमचा हक्कच..."

जिथे कुणाला बसायचं नव्हतं ती खुर्ची तिला मिळाली होती. तरी मिळाली होती. निवृत्तीला वर्ष उरलं असताना मधलीचं नाव पहिलं. नियतकालिकाचा होकार आला त्या रविवारी तिने ताईकडे सांगितलं. ताईचा बरा महिना चालू होता.

"बाई गं! पहिलं?" ताईने टाळी दिली. "आखूडरावांच्या कृपेने हो सगळं! मी अंथरुणात पडले आणि तू वर चढलीस."

"मेहुणीबाई, कात्रण आलं की आधी इकडे द्यायचं," दाजींनी कपाटाकडे बोट केलं. जुन्या कात्रणाशेजारची खिळ्यावरची गाळणी त्यांनी आधीच काढून दुसरीकडे लावली होती. "जागा करून ठेवली आहे."

निकाल काढायचं काम आकडेवारीच्या मुलीकडे होतं. चांगली तरतरीत पोरगी, कायम काहीतरी चघळत बोलायची. एका सकाळी तिने मधलीला पडद्यापुढे बसवलं.

"मॅडम, हे बघा. सपाट."

"म्हणजे कमी आहे?"

"कमी नाही हो. सपाट. रोलर फिरवल्यासारखं. लांबवाले, आखूडवाले, दुःख झालेले, न झालेले, सगळे एका रेषेत. मी तीनदा चालवलं. मग माझ्या मित्राला दिलं, त्याने पण चालवलं." तिने चघळणं थांबवलं. "मॅडम, पाणी देऊ?"

डोंगर पोखरून उंदीर निघाला तर लोक हसतात. इथे उंदीरही निघाला नव्हता. मधली पडद्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं आपली साठांची यादी डोळ्यांपुढे येईल, सर येतील. आलं ते कपाट. कपाटावरची रिकामी जागा.

कारण हे छापून आलं की बातमी होणार, आणि दाजी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचतात. ताईच्या अंगावरची वीस वर्षांची शाल कुणी ओढणार असेल तर ती मधलीच ओढणार होती. पहिल्या नावासकट.

सरांनी कागद बराच वेळ उलटसुलट केला. मग, पहिल्यांदाच, ते एक अख्खं वाक्य बोलले. "मागे घ्या."

"आधी लिहून दिलंय सर आपण."

"फ्रीझर बंद पडला म्हणा. नमुने खराब झाले म्हणा. म्हणजे बघा... होतात की नाही खराब? कुणाला काय..." त्यांचा हात उडाला, पण अर्ध्यावरच खाली आला. खिडकीबाहेर करडं आकाश होतं आणि समोरच्या इमारतीची करडी भिंत. सर एकदम खूप म्हातारे दिसले.

मधलीने कागद उचलला. आपल्या खोलीत येऊन तिने नियतकालिकाला मागे घेण्याचं पत्र लिहायला घेतलं. तिला सरांची काळजी नव्हती, शपथेवर सांगता आलं असतं. ती ताईसाठी लिहीत होती. 'काही तांत्रिक कारणांमुळे,' एवढं झालं होतं, आणि फोन वाजला.

"मॅडम, मी... थांबा हं, जिन्यात जाते." बाईचा आवाज, तरुण, दबलेला, मागे कुठलंसं दार आपटलं. "तुमचं नाव एका पेपरवर मिळालं. पहिल्या नावाला फोन केला, त्यांनी उचललाच नाही. शेवटच्यांना केला, ते काय म्हणत होते मला कळेचना, दोनदा सुरू करतात आणि थांबतात. म्हणून मग मधल्या नावाला लावला."

तीस वर्षांत मधलं नाव कुणीतरी वाचलं होतं.

"माझं लग्न ठरलंय," ती म्हणाली. "ठरलं होतं. त्याच्या आईने मला एक तपासणी करायला लावली. कंपनी आहे, थुंकी पाठवायची असते. तर माझी दोन्ही आखूड निघाली. त्या म्हणतात, अशी मुलगी कधीतरी अंथरूण धरणारच, आणि मुलंही तशीच काढणार. मला आजवर साधी उदासी आली नाही हो, मॅडम! आता येतेय मात्र. त्या तुमचेच पेपर दाखवतात. सात-आठ छापून ठेवलेत."

"त्यात काही तथ्य नाही," मधली म्हणाली.

"पण पेपरात तर आहे."

"पेपर चुकलेत."

"कुठला?"

मधलीने टेबलाची कड धरली. "सगळे."

पलीकडे जिन्यात कुणीतरी पावलं वाजवत खाली उतरलं. पावलं गेल्यावर मुलगी म्हणाली, "असं लिहून द्याल का? माझ्या तोंडाचं कुणी ऐकत नाही."

"छापून देते."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हे शब्द आपण पूर्वीही एकदा बोललोय. एकीवर पांघरलेली शाल दुसरीच्या गळ्याला फास झाली होती, आणि दोन्ही विणलेल्या तिच्याच हातच्या. तिने 'काही तांत्रिक कारणांमुळे' खोडलं.

सरांना सांगायला गेली तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही. "नावं कशी घालणार?"

"माझं पहिलं. तुमचं काढायचं असेल तर..."

"नको. असू दे शेवटी." मग खिडकीकडे बघत, "म्हणजे बघा, माझं नाव नसलं तर लोकांना वाटेल मला कुणी विचारलंच..."

निबंध आला. यादीत एकसष्टावा. धंद्यातल्या लोकांनी कौतुक केलं, ते कौतुक कसं, तर अंत्ययात्रेत करतात तसं, हळू आवाजात. "धाडस लागतं हो," म्हणायचे आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायचे. शनिवारी वर्तमानपत्राने बातमी दिली. 'उदासीचं जनुक? नव्हतंच!' खाली तिचं नाव, आणि पुढे 'आणि इतर'. सर 'इतर' झाले होते.

आधी सांगायला हवं होतं. रोज ती ठरवायची, उद्या ताईला फोन करू. पण ताई पुन्हा भिंतीकडे वळली होती, आणि भिंतीकडे वळलेल्या माणसाला फोनवर काय सांगायचं? उद्या उद्या करता छापखान्याने गाठलं.

रविवारी दार दाजींनी उघडलं. चष्मा कपाळावर, हातात वर्तमानपत्र.

"हे तुम्हीच ना?"

"हो दाजी."

"पहिलं नाव."

"हो."

"अशा वेळी अभिनंदन म्हणतात ना?" ते बाजूला झाले. "या."

ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. कपाटावर जुनं कात्रण होतं, प्लास्टिकच्या कडा पिवळ्या पडलेल्या. शेजारची जागा मोकळी. दाजी समोर बसले, वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"म्हणजे... नव्हतेच ते?"

"नव्हते, दाजी."

"मग वीस वर्षं मी रोज सकाळी भांडत कुणाशी होतो?"

मधलीने कात्रणाकडे बघितलं.

"खिडकीवर कधीकधी असं प्रकरण यायचं," दाजी म्हणाले. "ज्याच्या नावाची तक्रार, तो माणूसच त्या पत्त्यावर राहत नाही. कधी राहिलेलाच नाही. मग काय करणार? फाईल बंद. नियमच तो. पण मेहुणीबाई, पाणी तर गळतंच असायचं हो! भिंत ओली व्हायची ती व्हायचीच." त्यांनी खोलीच्या दाराकडे बघितलं. "काल तिला वाचून दाखवली बातमी. रोज वर्तमानपत्र वाचून दाखवतो ना. सुरुवात केली आणि मग मधे थांबता येईना. थांबलो असतो तरी तिला कळलं असतं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. दुपारी उठली." ते खाली बघत होते. "उठली, भिंत धरधरून इथवर आली, आणि भांडी घासायला लागली. मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाली, 'आता काय सबब आहे मला?' एक बशी फोडली. मग तिथेच खाली बसली. मी ओरडलो नाही, खरं सांगतो. पण वीस वर्षांपूर्वीचा तो शब्द आहे ना, सोंग, तो इथवर आला होता." त्यांनी गळ्याला हात लावला. "तिला दिसला तो. बायकोला दिसतं."

मधली उठून आत गेली. खोलीत पडदा ओढलेला, उशाशी कालचा कप, चहावर साय धरलेली. ताईची पाठ.

"दार लोट," ताई म्हणाली.

तिने लोटलं आणि पलंगाच्या कडेवर बसली, जशी लोकांच्या घरी बसायची तशी.

"मधले, माझी दोन्ही आखूड होती, एवढं तरी खरं ना?"

"नाही, ताई. दोन्ही लांब होती."

शाल किंचित हलली. ताई हसली असावी. "अरे देवा. म्हणजे खोट्यातही माझी जागा खोटीच." मग ती म्हणाली, "तेव्हा खरं सांगितलं असतंस तर?"

"दाजी ओरडत होते."

"हं. ओरडत होते." बाहेर दाजींनी काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "मग मला झालंय काय गं?"

मधलीने तोंड उघडलं. तीस वर्षांचे शब्द होते तिच्याकडे, लांबलचक, एकमेकांना धरून चालणारे. तिने ते सगळे जाऊ दिले.

"माहीत नाही."

"साठ पेपर लिहून?"

"एकसष्ट."

"आणि माहीत नाही."

"नाही."

"बरं झालं," ताई भिंतीला म्हणाली. "एका वाक्यात सांगितलंस."

त्या रात्री मधली तिथेच राहिली. सकाळी ती स्वयंपाकघरात उभी होती तेव्हा दाजींनी चहा केला, कप घेतला, आणि रोजच्यासारखे खोलीच्या दाराशी गेले. तिथे थांबले. कप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. आत जाऊन नुसता ठेवून यावा तर पाय उचलेना, आणि बोलावं तर बोलायचं कुणाला?

"म्हणा की," आतून आवाज आला.

"काय म्हणू?"

"रोज म्हणता ते."

"पण ते नाहीत ना आता."

"ठाऊक आहे मला. म्हणा."

दाजींनी घसा साफ केला. खिडकीवर बसायचे तसे ताठ झाले. "काय आखूडराव..." ते म्हणाले, आणि पुढचं येईचना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "काय आखूडराव, आज हिला..." आवाज तोच होता, पण त्याच्यासमोर कुणी उभं नव्हतं.

मधलीने कपाटाकडे पाठ केली. दाजी दारातच उभे होते, आणि ताई भिंतीकडे तोंड करून उरलेल्या अर्ध्या वाक्याची वाट बघत पडली होती.